विंडोज १० चा आधार थांबला. जुन्या संगणकावर नवी प्रणाली बसवताना कोणती टिक ठेवाल, कोणती काढाल?

जुन्नर-आंबेगावातल्या आडत गाळ्यांपासून सेवा केंद्रांपर्यंत अनेक ठिकाणी अजून जुनेच संगणक काम करत आहेत. ते मोडीत काढण्याची गरज नाही. मात्र इन्स्टॉलेशनच्या वेळी 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करण्याची सवय आता महागात पडू शकते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणूनच अनेकांना ही बातमी आपल्याशी संबंधित वाटली नाही. पण नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पट्टी छापणारा संगणक असो, मंचरच्या कांदा आडतीवरचा असो, घोडेगावातले सेवा केंद्र असो की ओतूरच्या विद्यार्थ्याने सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप असो, प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. यंत्र चालू आहे, पण त्यावरच्या प्रणालीतली भोके बुजवणारे आता कोणी नाही. मग करायचे काय?

उत्तरे अनेक आहेत. नियमात न बसणाऱ्या यंत्रावरही विंडोज ११ बसवता येते. लिनक्स बसवता येते. काही काळ मुदतवाढही घेता येते. यापैकी कोणता मार्ग चांगला यावर भरपूर चर्चा होते. त्यापुढची पायरी मात्र दुर्लक्षित राहते. प्रणाली बसवताना पडद्यावर ज्या छोट्या चौकटी येतात, त्यांत टिक करायची की नाही, हे कोण ठरवते? बहुतेक वेळा कोणीच नाही. नव्या यंत्रावर हे खपून जाते. जुन्या यंत्रावर त्याच चौकटी ठरवतात की उद्या सकाळी काम होणार की ग्राहक रांगेत ताटकळणार.

'अनसपोर्टेड' म्हणजे नेमके काय?

विंडोज ११ ची घोषणा जून २०२१ मध्ये झाली आणि ५ ऑक्टोबर २०२१ पासून ती मिळू लागली. तिच्या अटी आधीच्या आवृत्त्यांपेक्षा कडक होत्या. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ही यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ साली घेतलेला आय-फाइव्ह संगणक आजही टॅली आणि ब्राउझर आरामात चालवतो, पण कागदोपत्री तो बाद ठरतो.

कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज वर्तवला होता की, या बदलामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. त्यातले कितीतरी आपल्याकडे दुसऱ्या, तिसऱ्या हाताने वापरले जातात. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून निघालेले यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचते तेव्हा त्याचे निम्मे आयुष्य सरलेले असते. त्यामुळे 'नवीन घ्या' हा सल्ला ऐकायला सोपा असला तरी एका हंगामाच्या पट्टीवर घर चालवणाऱ्याला तो परवडतोच असे नाही.

अनसपोर्टेडचा अर्थ 'चालणार नाही' असा नाही. अर्थ इतकाच की, चालले नाही तर कंपनी जबाबदार नाही. ही जबाबदारी मग बसवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर येते. म्हणून प्रत्येक टिक विचारपूर्वक करावी लागते.

एक मर्यादा मात्र खरोखरच तांत्रिक आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये 'पॉपकाउंट' नावाची आज्ञा असणे अनिवार्य आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये ती नाही. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. अशा यंत्राला लिनक्स हाच मार्ग उरतो.

आधी काम लिहा, मग टिक करा

इन्स्टॉलेशनच्या आधी अर्धे पान कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात. या संगणकावर रोज कोणते काम होते, त्याला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत आणि कोणत्या जुन्या फाइल पुढेही उघडाव्या लागणार आहेत. कोणती चौकट हवी आणि कोणती नको, याचे उत्तर या कागदावरच मिळते.

आडतीच्या गाळ्याचे उदाहरण घ्या. तिथे बिलिंगचे सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांपूर्वीचे असू शकते आणि छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर होते, कारण कार्बन प्रत हवी असते. अशा जुन्या सॉफ्टवेअरना बऱ्याचदा 'डॉट नेट फ्रेमवर्क ३.५' लागते. विंडोज १० आणि ११ मध्ये हा घटक पर्यायी आहे, तो आपोआप चालू नसतो. चालू करायला गेले की तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि नेमकी तेव्हाच रेंज गेलेली असते. तोच घटक इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हमधील 'सोर्सेस' फोल्डरमध्येही असतो. माहीत असेल तर दोन मिनिटांचे काम, नसेल तर दिवसभराचा खोळंबा.

दूध संकलन केंद्राची गोष्ट वेगळी. फॅट मोजणारे यंत्र संगणकाला जुन्या पद्धतीच्या सिरीयल केबलने जोडलेले असते आणि मध्ये यूएसबीचा जोड असतो. या जोडात प्रोलिफिक कंपनीची जुनी चिप असेल तर विंडोज ११ वरचा नवा ड्रायव्हर तिला ओळखूनही नाकारतो, कारण कंपनीने ती चिप २०१२ पासून बाद ठरवली आहे. गंमत अशी की, लिनक्समध्ये त्याच चिपचा ड्रायव्हर मूळ प्रणालीतच असतो. पण केंद्राचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी बनलेले असेल तर त्याचा उपयोग नाही. इथे शहाणपणाचा निर्णय म्हणजे प्रणाली बदलण्याआधी नवी केबल आणून तपासणे.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याचे गणित आणखी निराळे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि अंगठा घेणारे यंत्र ही त्याची रोजची हत्यारे. टोकन बनवणाऱ्या काही कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात. आधारशी जोडलेल्या अंगठा यंत्रांची 'आरडी सर्व्हिस' मात्र प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. त्यामुळे अशा केंद्राच्या मुख्य संगणकावर घाईने लिनक्स बसवणे म्हणजे स्वतःच्या हाताने शटर ओढणे आहे. याउलट बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला ब्राउझर, पीडीएफ, टायपिंग आणि व्हिडिओ एवढेच लागते. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स हा सरळ आणि फुकट पर्याय आहे.

विंडोज ११ बसवायचेच असेल तर

नियमात न बसणाऱ्या यंत्रासाठी पेनड्राइव्ह तयार करताना 'रुफस' हे मोफत साधन सर्रास वापरले जाते. ते एक छोटी यादी दाखवते. त्यातली पहिली चौकट रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएमच्या अटी काढते. जुन्या यंत्रासाठी तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसरी चौकट मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याची सक्ती काढते. एकाच संगणकावर तीन-चार माणसे बसत असतील, तर दुकानाच्या संगणकाला कोणा एकाचे वैयक्तिक खाते जोडण्यापेक्षा ही टिक बरी. माहिती गोळा करण्यासंबंधीचे प्रश्न वगळणारी चौकटही ठेवायला हरकत नाही.

बिटलॉकर या आपोआप होणाऱ्या कूटबद्धीकरणाची चौकट मात्र डोळे झाकून टिक करू नये. ज्या यंत्रात टीपीएम आहे आणि जे प्रवासात चोरीला जाऊ शकते, तिथे कुलूप असलेले चांगले. पण कुलपाची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, कागदावर लिहून घरात ठेवलेली असली पाहिजे. ती कोणाकडे आहे हेच ठाऊक नसेल तर एक दिवस चोराऐवजी मालकच बाहेर राहतो. एका जागी बसलेल्या, टीपीएम नसलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हा प्रश्न सहसा येत नाही.

या मार्गाची किंमतही समजून घ्यावी. मायक्रोसॉफ्टची भूमिका स्पष्ट आहे: अटी पूर्ण न करणाऱ्या यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क नाही. आजवर मासिक सुरक्षा अपडेट अशा यंत्रांवरही येत राहिले आहेत, पण त्याची हमी कोणी दिलेली नाही. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती तर आपोआप येत नाही. ती पुन्हा पेनड्राइव्हने बसवावी लागते. म्हणजे दरवर्षी एकदा दुकानाची फेरी आली. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरला पाहिजे.

घाई नसलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० वरच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडणे, १००० रिवॉर्ड गुण खर्च करणे किंवा ३० डॉलर भरणे असे तीन पर्याय कंपनीने दिले. संस्थांसाठी वेगळी आणि दरवर्षी महाग होत जाणारी योजना आहे. ही मुदतवाढ म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ आहे. तो नुसता घालवला तर शेवटी पुन्हा हाच प्रश्न समोर येईल.

'लाइट' विंडोजचा मोह

जुने यंत्र पळवण्यासाठी बाजारात 'लाइट' विंडोजची पेनड्राइव्ह फिरत असते. कोणीतरी मूळ विंडोजमधले घटक काढून ती हलकी केलेली असते. कोणते घटक काढले याची यादी ग्राहकाला कधीच दिसत नाही. इथे टिक करण्याचा अधिकारच दुसऱ्याने परस्पर वापरलेला असतो.

'टायनी११' या प्रसिद्ध प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा साधा प्रकार अपडेट घेऊ शकतो. 'कोअर' प्रकारात मात्र विंडोज अपडेट आणि दुरुस्तीची सोय काढलेली असते, डिफेंडर बंद केलेला असतो आणि नंतर त्यात नवी भाषासुद्धा घालता येत नाही. हा प्रकार चाचणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही, असे तो बनवणाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. तरीही 'मस्त पळतो' या एका वाक्यावर अशी प्रणाली पतसंस्थेच्या किंवा सेवा केंद्राच्या संगणकावर बसली तर? सभासदांचे खाते क्रमांक, आधारच्या प्रती, सातबारे अशा यंत्रात राहतील ज्याला पुढे कधीच दुरुस्ती मिळणार नाही. वेगासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

खरा वेग दुसरीकडे मिळतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली आणि रॅम ४ वरून ८ जीबी केली की, सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक ओळखू येत नाही. घटक कापून वाचवलेल्या काही शे एमबीपेक्षा हा बदल कितीतरी पटींनी जाणवतो.

उलट टोकाची चूक म्हणजे काहीही चालू करणे. प्रिंटर शेअर होत नाही म्हणून 'एसएमबी १.०' ही चौकट टिक केली जाते. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या घटकातल्या दोषाचा फायदा घेऊन पसरला होता. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने तो घटक नव्या प्रणालीत आधीपासून बंद ठेवला आहे. एका प्रिंटरसाठी तो उघडण्यापेक्षा प्रिंटर यूएसबीने थेट जोडलेला बरा.

लिनक्स बसवताना कोणत्या टिक मोलाच्या?

लिनक्सचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. जुन्या यंत्रासाठी हीच खरी परीक्षा. वायफाय पकडते का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर पडदा परत येतो का, हे दहा मिनिटांत कळते. ही तपासणी न करता 'इरेज डिस्क' दाबणे म्हणजे विहिरीचे पाणी न पाहता मोटार सोडणे.

उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये दोन महत्त्वाच्या चौकटी येतात. एक ग्राफिक्स आणि वायफायसाठी लागणाऱ्या इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची आणि दुसरी ऑडिओ-व्हिडिओच्या जादा प्रकारांची. लिनक्स मिंटमध्ये 'मल्टिमीडिया कोडेक्स' अशी एक चौकट असते. या चौकटी आधीपासून टिक केलेल्या नसतात. काहींना तत्त्व म्हणून मुक्त परवान्याचेच सॉफ्टवेअर हवे असते, त्यांच्यासाठी ही निवड मोकळी ठेवलेली आहे. जुन्या लॅपटॉपवर मात्र या टिक कराव्यात. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असलेली अनेक यंत्रे या ड्रायव्हरशिवाय नेटला जोडलीच जात नाहीत. आणि नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा, हा तिढा उभा राहतो. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे हा हमखास उपाय आहे.

डेबियन या प्रणालीने हाच प्रश्न धोरण म्हणून हाताळला. फर्मवेअर मुक्त परवान्याचे नाही म्हणून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही, असा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. २०२२ मध्ये प्रकल्पातल्या सदस्यांनी मतदान करून तो बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येऊ लागले. तत्त्वाला जपणाऱ्या लोकांनीही मान्य केले की, वापरणाऱ्याचे वायफाय चालले नाही तर तत्त्व पोहोचणार कोणापर्यंत? ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने मात्र ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. अगदी जुने यंत्र असेल तर आधी ते ६४ बिट आहे का हे पाहावे.

डेस्कटॉपची निवड हाही पर्यायी घटकच. डेबियनच्या यादीत जीनोम, केडीई, एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी असे अनेक पर्याय दिसतात आणि उत्साहात सगळ्यांवर टिक होते. तसे करू नये. २ ते ४ जीबी रॅमसाठी एक्सएफसीई हा एकच पुरेसा आहे. वेब सर्व्हर आणि एसएसएच सर्व्हर या चौकटी घरच्या किंवा दुकानाच्या संगणकावर रिकाम्याच ठेवाव्यात. जे दार वापरायचे नाही ते उघडायचेच कशाला? लिनक्स मिंट २२ चा एक्सएफसीई प्रकार ज्या उबुंटूवर उभा आहे, त्याचा आधार २०२९ पर्यंत आहे. म्हणजे आज बसवलेल्या प्रणालीला काही वर्षे तरी हात लावावा लागणार नाही.

प्रिंटरबाबत सावध राहावे. बहुतेक डॉट मॅट्रिक्स आणि एचपीचे प्रिंटर लिनक्सवर फारसा त्रास देत नाहीत. पण आपल्याकडच्या कार्यालयांत घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० आपोआप चालू होत नाही, त्याचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि त्यात वेळ जातो. कागदावरच्या यादीत हा प्रिंटर असेल तर आधी त्याची व्यवस्था, मग प्रणाली.

मराठी हाही घटकच, पण तो कोणी मोजत नाही

सगळे बसवून झाले, नेट चालले, प्रिंटर चालला आणि ग्रामपंचायतीचा जुना ठराव उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला. हा अनुभव नवा नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट संगणकात नसेल तर मराठीच्या जागी भलतेच काही दिसते. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी कागदपत्रांबरोबर फॉन्टचा फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्यावा आणि सॉफ्टवेअरचा परवाना सोबत आहे याची खात्री करावी.

युनिकोड मजकुरातही एक खाच आहे. अनेक वर्षे शासकीय पत्रव्यवहारात वापरला गेलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज १० पासून पर्यायी घटकांत गेला. त्यासाठी 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' हा घटक सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून घ्यावा लागतो. तो नसला तरी मजकूर वाचता येतो, कारण त्या जागी 'निर्मला' फॉन्ट येतो. पण ओळी सरकतात, तक्ते बिघडतात आणि दोन पानी दाखला तीन पानी होतो.

टायपिंगचेही तसेच. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड उपलब्ध आहे. लिनक्समध्ये कीबोर्डच्या यादीतून मराठी निवडता येते. इन्स्क्रिप्ट ही पद्धत विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड तिन्हींवर सारखीच आहे. शिकायला आठवडा जातो, पण नंतर यंत्र कोणतेही असो, बोटे तीच राहतात. गूगलच्या इनपुट टूल्सची विंडोजसाठीची ऑफलाइन आवृत्ती कंपनीने बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांची अडचण झाली होती. इन्स्टॉलेशनच्या वेळी मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट बसवण्यासाठी पाच मिनिटे लागतात. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ही पाच मिनिटे सक्तीची असायला हवीत.

दुकानदाराची अडचण आणि त्यावरचा मार्ग

दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराची बाजूही खरी आहे. दिवसाला चार-पाच यंत्रे येतात, प्रत्येकाला तासाभरात हवे असते आणि फॉरमॅटचे पैसे देताना ग्राहक घासाघीस करतो. चौकशी करायला वेळ कुठून आणणार? म्हणून सर्वांसाठी एकच पेनड्राइव्ह, एकच पद्धत. पण नंतर 'प्रिंट येत नाही', 'मराठी दिसत नाही' म्हणून तेच यंत्र दोनदा परत येते, तेव्हा वाचवलेला वेळ तिथेच जातो. सुरुवातीची पाच मिनिटांची विचारपूस दोघांच्याही फायद्याची आहे. त्यासाठी पन्नास-शंभर रुपये जास्त लागले तर ग्राहकानेही कुरकुर करू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर ग्राहकाच्या हाती एक चिठ्ठी पडली पाहिजे. कोणती प्रणाली बसवली, ती अधिकृत आधार असलेली आहे की नाही, कोणते घटक चालू केले, कोणते मुद्दाम बंद ठेवले, अपडेट कसे घ्यायचे आणि पासवर्ड किंवा रिकव्हरी की कुठे आहे. गाडीच्या सर्व्हिसिंगनंतर कोणते ऑइल टाकले हे लिहून मिळते. ज्या यंत्रावर लोकांचे सातबारे आणि पगारपत्रके आहेत, त्याच्याबाबतीत एवढी अपेक्षा गैर नाही.

शाळांसाठी तर निवड प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे करण्याचीही गरज नाही. केरळने सरकारी शाळांमध्ये फार पूर्वीच मुक्त प्रणाली आणली आणि आज 'काइट' ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते. मल्याळम फॉन्ट, शैक्षणिक सॉफ्टवेअर, आवश्यक ड्रायव्हर हे सगळे एकदाच विचार करून त्यात घातलेले असते. शिक्षकाला चौकटींशी झगडावे लागत नाही. आपल्याकडे सी-डॅकची 'बॉस लिनक्स' आहे आणि तिची शाळांसाठीची 'एज्यु बॉस' आवृत्तीही आहे. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच आहे. जिल्हा परिषदेने ठरवले तर शाळांतल्या जुन्या संगणकांसाठी घटकांची एक पक्की यादी करणे अवघड नाही.

मनुष्यबळही दूर शोधावे लागणार नाही. अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते आणि दोन्ही तालुक्यांतले विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने येतात. तिथे एक टेबल जुन्या संगणकांसाठी ठेवले, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवले आणि कोणती टिक कशासाठी हे समजावले, तर त्याचा उपयोग वर्षभर होईल. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांत पडून असलेल्या यंत्रांसाठी असे एक-दोन दिवसांचे शिबिर घेणे हा तर अभियांत्रिकीच्या मुलांसाठी उत्तम प्रकल्प ठरेल.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे

• प्रणाली निवडण्याआधी कामांची, उपकरणांची आणि जुन्या फाइलची यादी करा.

• डिस्क पुसण्याआधी फाइल, फॉन्ट, टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि परवाने यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.

• ड्रायव्हर, कोडेक्स, मराठी फॉन्ट-कीबोर्ड आणि जुन्या सॉफ्टवेअरला लागणारे घटक यांना टिक करा.

• सर्व्हर, जुने शेअरिंगचे घटक आणि एकापेक्षा जास्त डेस्कटॉप यांना टिक करू नका.

• सुरक्षा अपडेट आणि व्हायरसपासून संरक्षण हे घटक कोणत्याही कारणासाठी काढू देऊ नका.

• अंगठा यंत्र किंवा केवळ विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर त्या संगणकावर लिनक्सचा प्रयोग करू नका. त्यासाठी दुसरे यंत्र निवडा.

• काय बसवले याची लेखी चिठ्ठी घेतल्याशिवाय दुकानातून यंत्र उचलू नका.

जुने यंत्र वापरणे हा कमीपणा नाही. आपल्याकडे चांगला ट्रॅक्टर वीस वर्षे चालवतात, कारण त्याचा कोणता भाग कधी बदलायचा हे मालकाला माहीत असते. संगणकाच्या बाबतीत ती माहिती अजून दुकानाच्या काउंटरपलीकडेच राहिली आहे. ती अलीकडे आणायची तर सुरुवात सोपी आहे. पुढच्या वेळी 'फॉरमॅट मारून द्या' एवढेच सांगून निघू नका. दहा मिनिटे शेजारी बसा आणि प्रत्येक चौकटीशी विचारा, 'दादा, ही टिक कशासाठी?'